अक्षराची ओळख आणि अक्षराचे चित्र

१. प्रश्नाचे स्वरूप

नित्याच्या परिचयाने वस्तूंतील नवल लोपते. लिपी ही अशा वस्तूंपैकी एक होय. ‘किती’ हा शब्द लिहिताना पहिली वेलांटी क च्या आधी काढली जाते. उच्चारात मात्र इकार क च्या मागाहून येतो. ‘मूर्ती’ या शब्दात याच्या नेमके उलट घडते. उच्चारक्रमाने र हा त च्या आधी असतो. परंतु त्याची खूण असलेला रफार त आणि त्याची दुसरी वेलांटी पुरी झाल्यानंतर अखेरीस शिरोरेषेवर चढविला जातो. र या एकाच व्यंजनाला ‘रस’, ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या पाच शब्दांत पाच निरनिराळी रूपे धारण करावी लागतात. प्राथमिक शाळेतील मुलाला या गोष्टी प्रथम अडचणीच्या वाटतात. एकदा सवय जडली म्हणजे तो त्यांच्याकडे पुन्हा वळून पाहत नाही.

या नवलांच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे. प्रत्येक लिपिचिन्हाला दोन अंगे असतात. ते कोणत्या वर्णाचे चिन्ह आहे, ही त्याची ओळख. आणि ते कोणत्या आकृतीने डोळ्यांस दिसते, हे त्याचे चित्र. हाताने लिहिणाऱ्याला या दोहोंचा भेद करण्याचे कारण पडत नाही, कारण त्याचे मन ओळखीवर असते आणि चित्र हाताच्या वळणाने आपोआप उमटते. यंत्राची गोष्ट वेगळी आहे. यंत्राला जे सांगावयाचे ते नेमके सांगावे लागते. आणि त्याला ओळख सांगावी की चित्र सांगावे, हा प्रश्न उपस्थित होताच लिपीच्या इतिहासाला निराळे वळण लागते. देवनागरीत छापील मराठी मजकूर सिद्ध करणाऱ्या निरनिराळ्या साधनांनी या प्रश्नाची कोणती उत्तरे दिली, त्या उत्तरांचा भार वाचकावर कितपत पडला, आणि आज सोडवणूक झाली आहे असे वाटत असतानाही त्यातील कोणता भाग शिल्लक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. बोरू आणि शिळा

लिपी आणि लेखनसाधन यांचा संबंध यंत्रयुगाच्या फार पूर्वीचा आहे. देवनागरी अक्षरांतील जाड आणि बारीक रेषांचा खेळ हा तिरप्या कापलेल्या बोरूच्या टोकाचा परिणाम होय. मोडी लिपीत साधनाची छाप अधिकच स्पष्ट दिसते. दप्तरातील लेखकाला वेगाने लिहावयाचे असे. म्हणून प्रथम पानभर आडवी रेघ ओढून घ्यावयाची आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जावयाचे, अशी पद्धती रूढ झाली. ऱ्हस्वदीर्घाचा भेद मोडीने बहुधा पाळला नाही. वेगासाठी स्पष्टतेचा काही भाग सोडून दिला गेला. दप्तरातील माणूस संदर्भाने तो भरून काढी.

मराठी भाषा प्रथम छापली गेली ती मात्र देवनागरीत नव्हे आणि मोडीतही नव्हे. फादर टॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ मध्येच आले होते. परंतु देवनागरी अक्षरांचे खिळे उपलब्ध नव्हते. युरोपात छापलेल्या ग्रंथांतून सतराव्या शतकात देवनागरी दिसू लागली. १६६७ साली ॲम्स्टरडॅम येथे निघालेला आथानासिउस किर्खर यांचा चीनविषयक ग्रंथ आणि १६७८ साली प्रसिद्ध झालेला ‘हॉर्तुस मलाबारिकुस’चा पहिला खंड ही त्याची उदाहरणे होत. पण ती अक्षरे खिळ्यांची नसून धातूच्या पत्र्यावर कोरलेली होती. म्हणजे छापणाऱ्यांच्या दृष्टीने तो मजकूर नव्हता. ते एक चित्र होते. त्यातील एकही अक्षर उचलून दुसऱ्या शब्दात बसविता आले नसते.

मुंबईत शिळाछापाने याच मार्गाचा अधिक सोयीचा अवलंब केला. तेलकट शाईने लिहिलेला मजकूर चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर उमटवावयाचा, शिळा पाण्याने ओली करावयाची आणि मग तिच्यावर छपाईची शाई फिरवावयाची. पाणी शाईला दूर सारते आणि तेलकट अक्षरांवरच ती धरते. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली छापलेले मराठी पंचांग शिळाछापाचे होते. या पद्धतीत जुळवणीचा प्रश्नच उद्भवत नाही. लेखकाचा हात ज्या वळणाने आणि ज्या क्रमाने लिहील तसेच कागदावर उतरते. देवनागरीतील कोणतेही जोडाक्षर, कोणतीही मात्रा शिळेला अवघड नव्हती. अवघड होते ते एवढेच की, प्रत्येक पान नव्याने लिहावे लागे आणि एका पानासाठी केलेले श्रम दुसऱ्या पानाच्या उपयोगी पडत नसत.

३. खिळ्यांचा हिशेब

सुट्या खिळ्यांच्या मुद्रणात श्रमांची बचत होते ती अक्षर पुन्हा पुन्हा वापरता येते म्हणून. परंतु त्यासाठी अक्षर म्हणजे नेमका कोणता तुकडा, हे आधी ठरवावे लागते. रोमन लिपीत हा प्रश्न सोपा होता. तिची अक्षरे एकापुढे एक सुटी उभी राहतात. एक अक्षर म्हणजे एक खिळा, असे समीकरण तेथे सहज बसले. देवनागरीत खुणा चारही दिशांना पसरतात. वेलांटी डावीकडे वा उजवीकडे, मात्रा आणि रफार वर, उकार खाली, आणि या सर्वांना बांधणारी शिरोरेषा.

हिशेब साधा आहे. ळ, क्ष आणि ज्ञ धरून ३६ व्यंजने घेतली आणि प्रत्येकाची बाराखडीतील बारा रूपे अखंड ओतावयाची म्हटली, तर तेवढ्यानेच ४३२ खिळे होतात. जोडाक्षरे, त्यांच्या बाराखड्या, स्वर, अंक आणि विरामचिन्हे याखेरीज. खिळ्यांच्या पेटीतील घरे जितकी वाढतील तितका जुळाऱ्याचा हात लांब फिरणार आणि काम मंदावणार. उलटपक्षी वरच्या आणि खालच्या खुणा वेगळ्या ओतल्या, तर खिळ्यांची संख्या पुष्कळच कमी होते. परंतु एकेक ओळ तीन थरांत जुळवावी लागते. वरच्या थरात मात्रा, अनुस्वार, रफार. मधल्या थरात अक्षरांचे मुख्य अंग. खालच्या थरात उकार. ‘स्फूर्ती’सारखा शब्द असा तिन्ही थरांत विखुरला जातो.

सेरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली देवनागरी खिळ्यांनी छापले गेले आणि १८१० साली निघालेल्या त्यांच्या मराठी कोशासाठी मोडी खिळे वापरण्यात आले. मुंबईतील मुद्रकांनी पुढे आपला स्वतंत्र मार्ग काढला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील टॉमस ग्रॅहॅम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात अक्षरांचे तुकडे पाडून खिळ्यांची संख्या घटविण्याचा उद्योग केला. त्या परंपरेची परिणती जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांच्या निर्णयसागर छापखान्यात झाली. राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या ठशांवरून तेथे ओतलेल्या अक्षरांचे वळण इतके सुरेख होते की, संस्कृत आणि मराठी ग्रंथांच्या वाचकांना दीर्घकाळपर्यंत देवनागरी म्हटले म्हणजे निर्णयसागरची देवनागरी, असेच वाटत राहिले.

तुकड्यांच्या या व्यवस्थेला वाचकाच्या बाजूने एक किंमत होती. बाहेर झुकलेला मात्रेचा किंवा रफाराचा नाजूक भाग दाबाखाली मोडे; छापखान्याच्या भाषेत मात्रा ‘उडे’. ‘वेळ’ चा ‘वळ’ होई आणि ‘अर्थ’ चा ‘अथ’. ख हे अक्षर र आणि व यांच्या जोडीसारखे ओतले जात असल्याने ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांतील अंतर एका बारीक जोडरेषेवर अवलंबून राही. म्हणूनच पुढे ख चे दोन्ही पाय खाली जोडावे, असा दंडक पडला. अक्षराचे चित्र तुकड्यांत सांगितले म्हणजे एखादा तुकडा गळताच ओळखही बदलते, हा या अनुभवाचा अर्थ होय.

४. दोष लिपीचा की यंत्राचा?

या अडचणींतूनच लिपिसुधारणेची चळवळ उभी राहिली. लोकमान्य टिळकांनी टाइपांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नात लक्ष घातले होते. त्यानंतर वि. दा. सावरकर आणि काकासाहेब कालेलकर यांनी अ च्या बाराखडीचा पुरस्कार केला. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ या स्वरांसाठी स्वतंत्र आकृती न ठेवता अ लाच वेलांटी, उकार आणि मात्रा लावावयाची, अशी ही योजना होती. ‘अिमारत’, ‘अुपाय’, ‘अेक’ असे लेखन तीनुसार सिद्ध होते. ओ आणि औ या स्वरांत अ ला काना-मात्रा लागतेच; मग इतर स्वरांना ती का लागू नये, हा युक्तिवाद तर्काच्या दृष्टीने दुर्बळ नव्हता. सहा खिळे त्यामुळे वाचत होते. वाचकाच्या नेत्रांनी मात्र त्या रूपांशी जुळवून घेतले नाही, आणि ही पद्धती पुरस्कर्त्यांच्या ग्रंथांपलीकडे फारशी रुजली नाही.

१९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेची एक शिफारस अधिक उद्बोधक आहे. ऱ्हस्व इकाराची खूण डावीकडून उजवीकडे न्यावी आणि दीर्घ इकारापासून तिचा भेद दंडाच्या आखूडपणाने दाखवावा, असे तीत सुचविले होते. हेतू यंत्राच्या सोयीचा होता. पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे आली म्हणजे उच्चाराचा क्रम आणि जुळवणीचा क्रम एक होणार होता. परंतु त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’ यांतील भेद डावे-उजवे या ठसठशीत खुणेवरून निघून रेघेच्या लांबीवर आला असता. डावे आणि उजवे यांत डोळा सहसा चुकत नाही. आखूड आणि लांब यांत, विशेषतः बारीक टाइपात आणि हलक्या कागदावर, तो चुकतो. पुढे काही वर्षांतच ही शिफारस मागे घेण्यात आली.

या वादात दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. यंत्राला अक्षराचे चित्रच सांगता येते, ओळख सांगता येत नाही, असे सर्वांनीच मानले होते. त्या काळच्या यंत्रांपुरते ते खरेही होते. म्हणून यंत्राची मर्यादा हा लिपीचा दोष ठरत गेला.

५. कळफलकाची शिस्त

टंकलेखनयंत्राने ही मर्यादा अधिकच कडक केली. अशा यंत्रावर साधारणतः ४४ ते ४६ कळा असतात आणि प्रत्येक कळेवर दोन चिन्हे बसतात. म्हणजे एकूण ८८ ते ९२ चिन्हांत सारी लिपी सामावली पाहिजे. लायनोटाइप जुळवणीयंत्राचा मुख्य कळफलकही ९० कळांचा असे. १९३० नंतरच्या दशकात हरि गोविल यांच्या पुढाकाराने त्या यंत्रावर देवनागरी आणली गेली, तेव्हा जोडाक्षरांचा संसार याच मर्यादेत आटोपावा लागला.

टंकलेखनयंत्रावर यासाठी योजलेल्या युक्त्या विलक्षण होत्या. ख, घ, थ, ध, भ, श अशा दंडयुक्त अक्षरांची अर्धी रूपेच कळांवर ठेविली जात. त्यांच्यापुढे काना उमटविला म्हणजे अक्षर पूर्ण होई. येथे काना हा आकार राहत नाही; तो केवळ एक उभी रेघ ठरतो. वरच्या आणि खालच्या खुणांसाठी ‘मृत’ कळा असत. त्या दाबल्या असता खूण उमटे, पण गाडी पुढे सरकत नसे. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षर पुरे झाल्यावर टंकित करावा लागे. हाताने लिहिण्याचा क्रमही बहुधा हाच असल्यामुळे टंकलेखकाला तो खटकला नाही. परंतु यंत्राच्या दृष्टीने कागदावर उमटला तो रेघांचा समुच्चय होता. ‘श’ हे एक अक्षर आहे याची त्याला वार्ताही नव्हती.

संगणक आल्यानंतर आरंभी हीच रीत पुढे चालू राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मराठीसाठी जे फॉन्ट रूढ झाले त्यांपैकी पुष्कळांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी चित्रे बसविलेली होती. पडद्यावर मराठी दिसे. आत मात्र रोमन अक्षरांची निरर्थक माळ असे. तोच फॉन्ट ज्या संगणकावर नाही तेथे ती माळ उघडी पडे. एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये अवाच्य होई. त्या काळात जुळविलेले कित्येक ग्रंथ, नियतकालिके आणि कार्यालयीन कागद आज संगणकीय रूपात असूनही शोधता येत नाहीत, याचे कारण हेच होय. किर्खरच्या ग्रंथातील पत्र्याप्रमाणे तेही केवळ चित्र ठरले.

६. ओळख आणि चित्र यांची फारकत

१९९१ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे. भारतीय मानक संस्थेने इस्की ही संकेतपद्धती आय. एस. १३१९४ या क्रमांकाने त्याच वर्षी प्रसिद्ध केली, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. युनिकोडमधील देवनागरीच्या विभागात १२८ जागा आहेत आणि त्यांची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे.

या पद्धतीचे मूलतत्त्व असे की, साठवावयाची ती अक्षराची ओळख. चित्र काढणे हे फॉन्टचे काम. ‘किती’ हा शब्द साठविताना आधी क आणि मग इकार असाच, म्हणजे उच्चारक्रमाने, नोंदला जातो. वेलांटी डावीकडे नेऊन ठेवण्याचा नियम फॉन्ट आणि त्याला चालविणारी आज्ञावली यांच्यापाशी असतो. रफाराचेही तसेच. ‘मूर्ती’ मध्ये र, पाय मोडल्याची खूण, त आणि ईकार या क्रमाने नोंद होते आणि रफार शेवटी आपल्या जागी चढतो. क, मोडलेला पाय आणि ष यांचे चित्र क्ष असे होते. वेलांटीला आधार देणारे व्यंजनच नसेल, तर पडद्यावर ठिपक्यांचे एक वर्तुळ दिसते; अनेकांना कोड्यात टाकणारे हे वर्तुळ म्हणजे ‘येथे व्यंजन हवे होते’ अशी यंत्राने दिलेली सूचना होय.

अशा रीतीने ज्या पहिल्या वेलांटीसाठी लखनौ येथे लिपी बदलावयास निघाले होते, तिची अडचण लिपीला हात न लावता दूर झाली. खिळ्यांची संख्या हा प्रश्नही उरला नाही, कारण फॉन्टमध्ये शेकडो जोडाक्षरांची चित्रे सहज मावतात. सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी संकल्पिलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर उपलब्ध झाला, तेव्हा सामान्य संगणकावर या तत्त्वाचा प्रत्यय येऊ लागला. आणखी एक लाभ असा की, ओळख साठविलेली असल्यामुळे तोच मजकूर वर्णानुक्रमे लावता येतो, शोधता येतो, आणि दृष्टिहीन वाचकासाठी यंत्राकरवी मोठ्याने वाचविताही येतो.

७. शिल्लक राहिलेला प्रश्न

तथापि यंत्राने ओळख आणि चित्र वेगळी केली, म्हणून ओळख कोणती मानावयाची हा निर्णय यंत्र करू शकत नाही. तो भाषा लिहिणाऱ्यांनी करावयाचा असतो. मराठीच्या बाबतीत या निर्णयाची तीन प्रकारची उदाहरणे आढळतात.

पहिला प्रकार, ओळख एक परंतु चित्रे दोन. ल आणि श या अक्षरांचे मराठी वळण हिंदी वळणाहून भिन्न आहे. मराठी ल दोन पाकळ्यांचा, तर हिंदी ल दंडाला टेकलेला. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना एकच क्रमांक आहे आणि ते योग्यही आहे, कारण वर्ण एकच आहे. कोणते चित्र दाखवावयाचे ते फॉन्टने आणि मजकुराच्या भाषेच्या नोंदीने ठरवावे, अशी अपेक्षा असते. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला आणि लिपी यांच्या प्रमाणीकरणासंबंधी निर्णय काढला, त्यात या वळणांचाही विचार आहे. येथे वाचकाची अभिरुची दुखावते; अर्थ मात्र बिघडत नाही.

दुसरा प्रकार, चित्र एक परंतु नोंदी दोन. ‘ॲप’ या शब्दातील पहिल्या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. तत्पूर्वी आणि पुष्कळदा आजही तो अ आणि त्यावर अर्धचंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखे; यंत्राला दोन वेगळे शब्द. एका रूपाने शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपातील मजकूर सापडेलच असे नाही.

तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यात अर्थभेद गुंतलेला आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना बोलवा’ या वाक्यात पाचारण गुरूंना होते. ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटले तर स्वयंपाकी येतात. ‘तुर्या’ ही वेदान्तातील चौथी अवस्था. ‘तुऱ्याला’ हे पागोट्यावरच्या तुऱ्याचे रूप. दोहोंत र् आणि य यांचाच संयोग आहे, परंतु उच्चार सारखा नाही. रफाराच्या लेखनात र् हा मागील अक्षराला जाऊन चिकटतो आणि त्याला जड करतो; म्हणून ‘दर्या’ तील द गुरू ठरतो. ‘दऱ्या’ मध्ये र् पुढील य मध्ये मिसळून हलका उच्चारला जातो आणि द लघूच राहतो. वृत्तात हा भेद एका मात्रेचा आहे.

य आणि ह यांच्या आधी येणारी र ची ही लहान वक्र खूण इंग्रजी लेखनात ‘पापणीचा र’ म्हणून ओळखली जाते. ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’, ‘गुऱ्हाळ’, ‘तऱ्हा’ या शब्दांत ती ह च्या आधी येते. संस्कृतातील ‘ह्रस्व’ मराठीत ‘ऱ्हस्व’ होतो तोही तिच्याच आश्रयाने. परंतु तिचे खरे क्षेत्र मराठीची रूपव्यवस्था हे आहे. ज्या नामांच्या आणि विशेषणांच्या शेवटी रा किंवा री असते त्यांच्या सामान्यरूपात ती अवतरते. वारा–वाऱ्याला, दोरी–दोऱ्या, अधिकारी–अधिकाऱ्यांना, शेतकरी–शेतकऱ्यांना, येणारा–येणाऱ्या. उलट ज्यांच्या मूळ रूपातच र्य आहे त्यांचा रफार विभक्तीतही टिकतो. सूर्य–सूर्याला, कार्य–कार्याला. म्हणजे ही लहानशी खूण वाचकाला मूळ शब्दाकडे परत जाण्याची वाट दाखविते. मराठीत तिची गरज वाक्यागणिक पडते म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

हिंदीला या खुणेची आवश्यकता नाही, त्यामुळे हिंदीसाठी आखलेल्या कळफलकांत तिला जागा असण्याचे कारण नव्हते. तेच कळफलक मराठीच्या वापरात आले तेव्हा लिहिणाऱ्यांनी दोन पळवाटा काढल्या. एक, सरळ रफार देऊन ‘अधिकार्यांना’ असे लिहिणे. दुसरी, त्या खुणेच्या जागी तिच्यासारखी दिसणारी संयोगरेषा घालून ‘अधिका-यांना’, ‘शेतक-यांना’ असे लिहिणे. ही दुसरी पळवाट वृत्तपत्रे, परिपत्रके आणि पाट्या यांतून सर्वत्र पसरली आहे. वाचकाचा डोळा ती रेघ र म्हणून वाचतो आणि पुढे जातो. चित्र साधले, म्हणून काम भागले असे लिहिणाऱ्याला वाटते. यंत्राच्या लेखी मात्र तो र नाहीच. तेथे ‘शेतक’ आणि ‘यांना’ असे दोन तुकडे उरतात. ओळीच्या अखेरीस शब्द त्या रेघेशी तुटतो. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधणाऱ्याला तो मजकूर सापडत नाही. आणि यंत्राकडून वाचून घेणाऱ्या दृष्टिहीन माणसाच्या कानी दोन निरर्थक शब्द पडण्याचा संभव असतो. ज्या शेतकऱ्यांना उद्देशून परिपत्रक काढले त्यांचे नावच त्या परिपत्रकात उरत नाही.

ही खूण युनिकोडमध्ये लिहिण्याची सोय आरंभापासून आहे. इस्कीच्या परंपरेनुसार ऱ या चिन्हाचा पाय मोडला असता ती सिद्ध होते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर हे चिन्ह र च्याच कळेवर, शिफ्टबरोबर आहे. र, मोडलेला पाय आणि एक अदृश्य जोडचिन्ह हा दुसरा मार्गही मान्य केलेला आहे. दोहोंचे चित्र सारखेच दिसते. नोंद मात्र भिन्न राहते. म्हणजे शुद्ध लिहिणाऱ्यांतही दोन पंथ होतात, आणि वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकाराची अडचण येथेही उद्भवते.

८. अभ्यासकाच्या दृष्टीने

वरील विवेचनाचा मराठीच्या संशोधनाशी निकटचा संबंध आहे. शब्दांच्या वारंवारतेचा अभ्यास, कोशरचनेसाठी उदाहरणांचा संग्रह, एखाद्या लेखकाच्या शैलीचे मापन, ही कामे आता मोठ्या प्रमाणावर संगणकीय मजकुरावर होतात. अशा संग्रहात ‘शेतकऱ्यांना’ हा एकच शब्द चार निरनिराळ्या रूपांनी वावरत असण्याचा संभव आहे: ऱ च्या मार्गाने, अदृश्य जोडचिन्हाच्या मार्गाने, रफाराने आणि संयोगरेषेने. ही रूपे एकत्र न आणता केलेली गणना भाषेचे मोजमाप करीत नाही. ती कळफलकांचे मोजमाप करते.

यांपैकी पहिली दोन रूपे एकमेकांत बदलून घेणे सोपे आहे, कारण त्यांची ओळख एकच असल्याविषयी मतभेद नाही. संयोगरेषेचे रूप सुधारताना विवेक लागतो. ‘अधिका-यांना’ मधील रेघ र च्या जागी आहे. परंतु ‘आई-यांना’ किंवा ‘वडील-यांचे’ अशा सदोष मुद्रणातील रेघ तशी नाही. रफाराचे रूप तर सर्वांत अवघड. ‘आचार्यांना’ हे रूप समोर आले असता मूळ शब्द आचार्य की आचारी, हे अक्षरावरून कळत नाही. ते वाक्यावरून, प्रसंगी साऱ्या परिच्छेदावरून ठरवावे लागते. एकदा गमावलेली ओळख चित्रावरून परत मिळविण्यासाठी किती श्रम पडतात, याचे हे उत्तम उदाहरण होय. त्या मानाने लिहितानाच ती राखण्याला एका जादा कळेचे श्रम पडतात.

यास्तव मजकुराचा संग्रह करणाऱ्याने आरंभीच तीन गोष्टींची नोंद करून ठेवणे इष्ट ठरेल. मूळ मजकूर कोणत्या फॉन्टात किंवा कोणत्या संकेतपद्धतीत होता, तो कोणत्या साधनाने बदलून घेतला, आणि र्य–ऱ्य, र्ह–ऱ्ह व अर्धचंद्रयुक्त अ यांच्या कोणत्या नोंदी एकरूप केल्या. जुन्या ग्रंथांच्या संपादकाने प्रतीचे वर्णन करताना कागद, शाई आणि हस्ताक्षर यांची माहिती देण्याची प्रथा आहे. संगणकीय मजकुराच्या संपादकाने द्यावयाची ही माहिती त्याच स्वरूपाची होय. ‘अर्हता’ आणि ‘ऱ्हास’, ‘कार्याला’ आणि ‘वाऱ्याला’ अशा जोड्या निवडून त्या संग्रहात प्रथम शोधून पाहिल्या, तरी मजकुराची प्रत कोणत्या दर्जाची आहे याचा अंदाज काही मिनिटांत येऊ शकतो.